डावा पाय ओढतो तो माणूस

"रस्ता सगळेच ओलांडतात, पगार मात्र मला एकट्याला मिळतो," असं तो एकदा बायकोला म्हणाला होता.

खोटं नव्हतं ते. चौकात नवं यंत्र बसलं होतं. कॅमेऱ्याला रस्त्यात माणूस दिसला की वाहनांचा दिवा लाल. पण माणूस म्हणजे काय, हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी याला ठेवला. पूर्वी तो गोदामात हमाल होता. पोतं पडून डावा गुडघा कामातून गेला, तेव्हापासून घरी बसून. आता वर्षभर तो तोच रस्ता ओलांडत राहिला. यंत्र हुशार निघालं. ते एवढंच शिकलं, की डावा पाय ओढतो तो माणूस. बाकीचे त्याच्या लेखी वारा.

"सुधारू हळूहळू," यंत्रवाले साहेब म्हणाले. लोकांना कुठला दम! ते लंगडू लागले. मास्तरीणबाई लंगडल्या, वकील लंगडले. एकदा तर प्रेताला खांदा दिलेले चौघे एका लयीत लंगडत गेले. अपघात मात्र खरंच थांबले.

मग बायकोने हट्टाने त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. गुडघा गेल्यापासून पहिल्यांदाच दोघं खांद्याला खांदा लावून बाजाराला निघाली.

"अहो, हळू! कुणी पाठीस लागलंय का?" ती म्हणाली आणि हसली. किती वर्षांनी हसली. चौकात दिवा हिरवाच राहिला. ट्रक अंगाला घासून गेला. तिच्या हातातली पिशवी चाकाखाली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "काका, पायावर धोंडा पाडून घेतलात! पुढच्या चौकाचं काम आलंय. लंगडा बघू पुन्हा."

"पाय बरा झालाय, साहेब."

"मग डोकं बिघडलं का? नाटक करायचं. नाहीतर दुसरा लंगडा शोधतो."

"आणि आमची ही?"

"काकूंनाही शिकवा. माझी आई शिकली की सत्तरीत!"

साहेब स्वतःच उठले, टेबलाभोवती लंगडत फिरले. हुबेहूब. खांदा तसाच पडत होता, ओठ तसाच दाताखाली येत होता. दुखणं तेवढं नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर यंत्राला दिसतं तेवढंच दिसायचं; तिथे साहेब उमटले, भोवती हिरवी चौकट: माणूस.

"बघा, काय अवघड आहे?"

तो उठला. बायकोबरोबर बाजाराला निघाला होता तसाच, ताठ चालत बाहेर गेला. पडद्यावर दार आपोआप उघडलं आणि आपोआप मिटलं.