कांताचे ओठ

या पानावर लोक जे अनुभव लिहितात ते मी चहा पिता पिता वाचते आणि हसते. खोटं कशाला बोलू? कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पावलं वाजतात... मी म्हणायचे, झोप झाली नसेल, नाहीतर ॲसिडिटी. आमच्या घरी देवापुढे दिवा लावायचं कामसुद्धा नवऱ्याकडे आहे, इतकी मी कोरडी. म्हणून आज हे लिहायला बसले तर माझं मलाच हसू येतंय — आणि हसूनही चैन पडत नाहीये.

मी लाखनीला राहते. हायवेला लागून एक कृषी केंद्र आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हटलं की लोकांना काचा-बिचा वाटतात. आमच्याकडे दोन खोल्या, खालून येणारा खताचा वास आणि बाहेरून ट्रकचे हॉर्न. रेकॉर्डिंगच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्यात, तरी मोठा ट्रेलर गेला की सगळ्यांनी तोंड मिटून थांबायचं. मालक प्रमोदभाऊ. मोठ्या शहरात कार्टूनचं काम करून कंटाळला आणि गावी परत आला. त्याने ‘बोडीकाठचे’ नावाची मालिका सुरू केली. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं छोटं तळं. त्या तळ्याच्या काठी राहणारं एक धान पिकवणारं कुटुंब, त्यातली आई कांता, तिचा नवरा, पोरं, एक आगाऊ बकरी. पहिला सीझन एका चॅनेलने घेतला आणि चक्क चालला.

माझं काम ओठांचं. म्हणजे आधी कलाकार आवाज देतो, मग मी तो आवाज कानाला लावून पात्राचं तोंड हलवते. ‘म’ आला की ओठ मिटवायचे, ‘ऊ’ आला की गोल करायचे. इतकी वर्षं हेच करून माझं असं झालंय की आवाज बंद असला तरी समोरचा काय बोलतोय ते कळतं. लग्नात लांबच्या खुर्चीवरच्या बायका काय कुजबुजतात ते मी सांगू शकते. माझ्या नणंदा माझ्याकडे पाठ करून बोलतात, त्याचं कारण हे.

पहिल्या सीझनमध्ये कांताला आवाज दिला होता माझ्या सख्ख्या मावशीने. शेवंतामावशी, दिघोरीची. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या भागातल्या, नाटकांत तिने अर्धं आयुष्य काढलं. तिच्यासमोर कागद ठेवला की ती एकदा बघायची आणि बाजूला सारायची. “असं कोन बोलते वो घरात?” म्हणायची आणि स्वतःच्या मनाने बोलायची. प्रमोदभाऊ डोक्याला हात लावायचा, पण ठेवायचा तिचंच. दिघोरीतली पोरं तिला रस्त्यात ‘कांतामाय’ म्हणून हाक मारायला लागली होती. नाटकात एवढ्या राण्या केल्या, पण हे नाव तिला फार आवडलं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, जन्मभराचा. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. आता गळ्याला एक भोक आहे, त्यावर ती पदर ओढून घेते. बोलते अजूनही, म्हणजे ओठ हलवते. घरचे “काय? काय?” करतात, वैतागतात, ती त्याहून वैतागते. मी गेले की तेवढं तिचं बोलणं कुणाला तरी समजतं.

दुसऱ्या सीझनच्या वेळी चॅनेलने सांगितलं — आवाज नवीन घ्या, आणि भाषा जरा सगळ्यांना कळेल अशी करा. पुण्याहून मृण्मयी आली. पोरगी गुणी, कामाला चोख. तिच्यावर राग धरावा असं काहीच नव्हतं, आणि त्याचाच मला राग यायचा. मावशीला सांगायला मीच गेले. ती शेंगा सोलत होती. ऐकून घेतलं, मान हलवली आणि मग ओठांनी म्हणाली, “आवाज गेला तं गेला. पन कांता बी नेऊन राहिले का माह्यी?”

मला तिच्यापुढे रडू आलं. ती रडली नाही, सोलत राहिली.

आता मूळ गोष्ट. पहिल्या भागाचं काम सुरू झालं. एक साधा सीन होता. कांता मुलाला जेवायला बोलावते. मृण्मयीचं वाक्य होतं, “अरे राजू, जेवून घे बाळा, उशीर होतोय.” मी त्यावर ओठ बसवले, चालवून पाहिलं, नीट होतं. जेवायच्या सुट्टीत फायनल रेंडरला, म्हणजे मशीनकडून पक्की फिल्म काढायला, लावलं. डबा उघडता उघडता बघते तर आवाज एकीकडे, तोंड दुसरीकडे. होतं असं कधी कधी. मी सवयीने आवाज बंद केला आणि नुसते ओठ पाहिले.

ओठ स्वच्छ म्हणत होते, “ये ना बापा, भात थंडा होऊन राहिला.”

मी डबा तसाच झाकून ठेवला. प्रमोदभाऊला बोलावलं. त्याला काय, त्याला ओठ वाचता येत नाहीत, त्याला फक्त चूक दिसली. “पहिल्या सीझनची जुनी फाइल लिंक झाली असन. काढून टाक,” म्हणाला. मलाही पटलं. जुनं सगळं काढलं, नवीन फाइल घेतली, एक एक ओठ हाताने बसवला. माझ्या मशीनवर बरोबर. रेंडर केलं की — “ये ना बापा, भात थंडा होऊन राहिला.”

दुसऱ्या मशीनवर केलं. प्रमोदभाऊच्या घरच्या लॅपटॉपवर केलं. इंटरनेट काढून केलं. तेच. आणि फक्त कांता. नवरा, पोरं, बकरी — सगळे दिलेलंच बोलत होते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. एकेक सीन तयार व्हायचा आणि मी आवाज बंद करून बघायला बसायचे. लिहिलेलं असायचं, “तुम्ही काळजी करू नका, सगळं ठीक होईल,” आणि कांता म्हणायची, “हातपाय गाळून का बसले? उठा, बांदीत पानी आलं.” बांदी म्हणजे आमच्याकडचं धानाचं खाचर. मी पहिल्या सीझनचे सगळे भाग पुन्हा पाहिले. ही वाक्यं त्यात कुठेच नव्हती. जुनी फाइल असती तर जुनं बोलणं असतं ना? हे तर नवीन सीनवर, नवीन गोष्टीवर, अगदी जागच्या जागी बसणारं बोलणं होतं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण कागदावरच्यापेक्षा चांगलं होतं.

घरी मला भाकरी करतानासुद्धा ते तोंड दिसायचं. नवरा काही विचारायचा आणि मी त्याच्या ओठांकडे बघत बसायचे, उत्तर द्यायचं विसरून. प्रमोदभाऊ आधी चिडला, मग एक दिवस गुपचूप रेंडरच्या मशीनवर हळदकुंकू वाहताना मी त्याला पकडलं. मृण्मयी एकदा पडद्याकडे बघता बघता उठून बाहेर गेली. परत आली आणि म्हणाली, “ताई, तिला माझा आवाज नकोय.” चॅनेलची तारीख ठरलेली होती. भाग वेळेवर गेले नाहीत तर मालिकाच उचलू, असा फोन आला होता. मालिका गेली की कांताही गेली — मग मावशीची काय आणि मृण्मयीची काय.

शेवटी मी लॅपटॉप घेतला आणि दिघोरीची एसटी पकडली.

मावशी अंगणात उन्हाला बसली होती. समोर धान वाळत घातलेलं, हाताशी कोंबड्या हाकलायची काडी. मी तिला काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, “नवा भाग दाखवते, आवाज बंद आहे मशीनचा.” आणि एक असा सीन लावला जो आदल्याच दिवशी तयार झाला होता. त्यात कांता सुनेशी भांडून आलेल्या शेजारणीला समजावते. मावशीने तो सीन पाहिलेला असणं शक्यच नव्हतं.

कांता बोलायला लागली. मावशीचे ओठ हलायला लागले.

तेच शब्द. आधी मला वाटलं, ती बघून बघून तसं करतेय, नकला करायची तिला सवयच. म्हणून मी पडद्याकडे बघायचं सोडून दोघींकडे आलटून पालटून बघायला लागले. माझा धंदाच तो, ओठाला जरा उशीर झाला की मला खुपतं. उशीर होत नव्हता. उलट मावशी पुढे होती. थोडीशीच, पण पुढे. आधी मावशीचे ओठ मिटायचे, मग कांताचे. मावशी म्हणायची, “घरात घे वो तिले, भांडन उन्हात कायले करता,” आणि तिच्या मागून पडद्यावरची बाई तेच म्हणायची.

मी लॅपटॉप मिटला. मावशी म्हणाली, “अजून दाखव ना.” मला तिथे बसवेना. एसटी यायला अवकाश होता तरी मी स्टँडवर जाऊन उभी राहिले.

लाखनीला परतल्यावर प्रमोदभाऊला सगळं सांगितलं. त्याने खुर्ची माझ्या मशीनकडे ओढली. मग म्हणाला, “आपन नेहमी आवाजावर तोंड बसवतो. आता तोंडावर आवाज बसवू. दुसरा रस्ता आहे का?”

तसं आमच्या धंद्यात हे उलटं काम. पण केलं. मी कांताचे ओठ वाचायचे, वाक्य म्हणून दाखवायचे, मृण्मयी ते ऐकून बोलायची. पुण्याच्या पोरीच्या तोंडात ‘काहून’ आणि ‘माह्यं’ बसवताना दोघींनाही हसू यायचं. पहिलंच वाक्य तिने बरोबर म्हटलं तेव्हा आवाज आणि ओठ असे जुळले की मला एक ओठ इकडचा तिकडे करावा लागला नाही. त्यानंतर रेंडरने पुन्हा कधी त्रास दिला नाही. भाषेवरून चॅनेलने कुरकुर केली. प्रमोदभाऊने सरळ सांगितलं, हेच आहे, घ्या नाहीतर सोडा. तारीख डोक्यावर आली होती, त्यांनी घेतलं. शेवटी कलाकारांच्या नावांच्या पाट्या येतात त्यांत त्याने कांताच्या नावापुढे दोन नावं टाकली — बोल शेवंताबाईंचे, आवाज मृण्मयीचा.

पहिला भाग लागला ते दिवस मंडईचे होते. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. मृण्मयी हट्टाने माझ्याबरोबर दिघोरीला आली. मावशीच्या पडवीत टीव्हीसमोर अर्धा मोहल्ला जमलेला. कांता बोलायला लागली तशी एक म्हातारी म्हणाली, “आवाज दुसऱ्या बाईचा दिसते, पन बोलते आपली शेवंताच.” मावशीने ते ऐकलं. मृण्मयीचा हात धरून तिला जवळ बसवलं आणि भाग संपेपर्यंत तो हात सोडला नाही. त्या दिवशी मी टीव्हीकडे कमी आणि मावशीच्या ओठांकडे जास्त बघत होते. ते मिटलेले होते. ती नुसती ऐकत होती.

लोक पांगल्यावर मला राहवलं नाही. मृण्मयी आत चहा ठेवायला गेली होती. मी मावशीच्या समोर बसले आणि विचारलं, “मावशी, त्या दिवशी उन्हात मी दाखवलं तेव्हा तुझे ओठ आधी कसे हलत होते?”

तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. “कांता हाय ना ते,” ती ओठांनी म्हणाली. “ती का बोलन ते मले माईत नाई का?”

“बरं. पण तिचं तोंड? मशीनमधलं? ते कसं केलंस तू?”

मावशी हसली, माझ्या गालावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. ऑपरेशन झालं तेव्हा, कांता तिच्या हातून गेली तेव्हा, कधीही मी तिला तसं पाहिलं नव्हतं.

“मी कुठं काई केलं वो?” ती म्हणाली. “मले तं वाटलं, तूच करून राहिली. माह्यासाठी.”

मी मान खाली घातली. तिला वाटलं, मी लाजले.

दुसऱ्या सीझनचे सगळे भाग आता येऊन गेलेत. आमच्या स्टुडिओत या विषयावर कुणी बोलत नाही. ज्यांना सॉफ्टवेअरमधलं कळतं त्यांनी मला कारण सांगावं, मी आनंदाने ऐकेन, मी अजूनही तशीच कोरडी आहे. मावशी काही हे वाचणार नाही, म्हणून इथे लिहिते. ते मी केलं नव्हतं. तिला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.