आधी माझी झडती

“आधी माझी झडती,” असं म्हणून ते दोन्ही हात पसरून उभे राहायचे. रोज सकाळी पावणेसातला, पहिल्या पाळीची माणसं रांगेत ताटकळलेली असताना. टोपी टेबलावर, किल्ल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, मग चष्मा, पट्टा, चुन्याची डबी, एकेक करून सगळं खाली. त्यानंतर धातू शोधणाऱ्या मशीनच्या चौकटीतून ते एकटे पलीकडे जायचे आणि दुसऱ्या गार्डाकडून हातातलं मशीन खांद्यापासून पायापर्यंत फिरवून घ्यायचे. ते गप्प राहिलं की रांगेकडे वळून मोठ्यांदा सांगायचे, “चला गा. मशीन कोनाची मावशी नाही.”

नागपूरजवळच्या मिहानमधल्या एका कारखान्याच्या गेटवर ते सुरक्षाप्रमुख होते, एका एजन्सीच्या कंत्राटावर. विमानाला लागणारे बारीकसारीक भाग तिथे बनतात. मुठीत मावेल एवढ्या तुकड्याची किंमत माझ्या स्कूटीपेक्षा जास्त. म्हणून येताना झडती, जाताना झडती. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. खोली गेटला लागून, खिडकी उघडली की रांग समोर. नाव मी त्यांचं सांगणार नाही. तुमच्यापैकी कोणी त्या गेटातून आतबाहेर केलं असेल तर ओळखालच. ओळखलंत तर मनात ठेवा.

एकदा पुण्याहून मोठे साहेब आले. चौकट वाजली. साहेब म्हणाले, पट्ट्याचं बक्कल असेल, सोडा. हे म्हणाले, “सोडतो न साहेब. पट्टा सोडा तुम्ही, मी तुम्हाले सोडतो.” साहेबांनी एका हाताने पँट धरून चौकट ओलांडली. सगळा कारखाना आठवडाभर त्यावर हसला, पण गेटवर कुरकुर करायची हिंमत त्यानंतर कोणाची झाली नाही.

बायकांच्या जोडव्यांना मात्र ते हात लावू देत नसत. पडद्याआड बाई गार्ड बसवली, तिच्याकडे वेगळी वही दिली आणि तिला बजावलं, “मंगळसूत्र, जोडवे पाहाचे, काढाले लावाचे नाही.” माणूस कडक होता, पण आंधळा कडक नव्हता.

माझी त्यांची ओळख साखरेमुळे. दर पंधरा दिवसांनी बोट पुढे करायचे आणि तोंड दुसरीकडे. आकडा पाहून मी ओरडायचे. “काल काय खाल्लं?”

“संत्रा बर्फी. संत्र तं फळच आहे न सिस्टर.”

“मग साल काढून खाल्ली का?”

ते हसायचे. मला वाटायचं, या माणसाला कशाचं काही वाटतच नाही. इतक्या जवळून पाहूनही माणूस कळत नाही तो असा.

आता फिटरची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून आहे. एका फिटरचा वर्धा रोडवर अपघात झाला आणि मांडीच्या हाडात सळई बसवावी लागली. कामावर परतला त्या दिवशी मशीन वाजलं. यांनी नियमच करून टाकला. ज्याच्या अंगात धातू आहे त्याने डॉक्टरांचा कागद आणायचा, तो कागद गेटवर सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचायचा आणि वहीत लिहायचं, कोणाच्या अंगात कुठे काय आहे. “लपवाछपवी नाही तं संशय नाही,” हे त्यांचं म्हणणं. पटण्यासारखं होतं, मलाही पटलं. त्यांनी फिटरचा कागद खड्या आवाजात वाचला आणि शेवटी स्वतःच्या पदरचं जोडलं, “म्हनजे आजपासून आपल्याकडे एक सळाख भरती झाली.” रांग खो खो हसली. त्या दिवसापासून फिटरचं नाव सळाख पडलं. मी खिडकीतून पाहत होते आणि मीही हसले होते.

त्यानंतर सहाएक महिन्यांनी यांनी सुट्टी टाकली. हर्नियाचं ऑपरेशन, सहा आठवडे आराम. चौथ्या आठवड्याच्या सोमवारी, सहा वाजून वीस मिनिटांनी, ते माझ्या दारात उभे. ऑपरेशननंतर परतणाऱ्याने आधी दवाखान्यात दाखवायचं, मग गेट, असा आमचा शिरस्ता.

“इतक्या लवकर काहून आले तुम्ही?”

“एजन्सीवाला म्हने, सोमवारी येत नसान तं दुसरा मानूस उभा करतो.”

ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, पाय फाकवून. पँट दोन मापं ढगळ, पट्टा नाही. हर्नियाचा माणूस एक बाजू सांभाळतो, हात तिकडे जातो. हे कुठलीच बाजू सांभाळत नव्हते, मधोमध काचेचं भांडं ठेवल्यासारखे बसले होते. मी डिस्चार्जचा कागद मागितला. त्यांनी तो दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, वरून रबर लावून आणला होता. रबर काढायलाच त्यांनी मिनिट घेतलं.

हर्निया नव्हताच. साखरेने त्यांची पुरुषाची ताकद कधीच गेली होती, गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या, आणि डॉक्टरांनी लिंगात दोन वाकणाऱ्या कांड्या बसवल्या होत्या. आत बारीक तार, वरून सिलिकॉन. वीस वर्षं मी नर्सचं काम केलं होतं. मला त्यात चकित होण्यासारखं काही नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं, “या वयात काहून?”

बोलले आणि जीभ चावली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फरशीकडे पाहतच सांगितलं.

“पाच वर्षं झाले सिस्टर, बायको दुसऱ्या खोलीत झोपते. तिले वाटे, माह्या मनात कोनी दुसरी आहे. मले सांगाची लाज वाटे. तिले रडू देलं, पन सांगतलं नाही. मांगच्या दिवाळीत ती खाप्याले भावाकडे निघून गेली, तवा सांगतलं. मंग तीच मले डॉक्टरकडे घेऊन गेली.”

मी कागदाची घडी घातली.  त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ज्यासाठी ते आले होते ते विचारलं.

“मशीन वाजन का?”

मला माहीत नव्हतं, खरंच माहीत नव्हतं. “घरी फ्रिजवरचा लोहचुंबक लावून पाह्यला,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “चिकटत नाही.” एरवी मी हसले असते.

सहा बत्तीस झाले होते. कंपनीचे डॉक्टर दहाला यायचे. मी म्हटलं, आज झडतीला उभे राहू नका, आजारी आहात, दुसरा गार्ड रांग सोडेल. ते म्हणाले, ड्युटीवर असताना अकरा वर्षांत एक दिवस चुकलो नाही, आज चुकलो तर गेटवरचं कुत्रंही विचारेल. मी म्हटलं, मी कागद लिहून देते, शरीरात धातू आहे एवढाच. जागा लिहीत नाही.

“अन तो वाचाचा कोनी? मीच न. वहीत जागेचा रकाना कोनं आखला? म्याच आखला.” मग म्हणाले, “अन रांगेत तो उभा राहीन. सळाख.”

 

मी कागद लिहिला.  तो त्यांनी खिशात ठेवला, उठताना टेबलाची कड धरली आणि म्हणाले, “खिडकी लावून घ्या सिस्टर.” मी हो म्हटलं आणि लावली नाही.

पावणेसात. टोपी, किल्ल्या, चष्मा, डबी. पट्टा नव्हता हे कोणाच्या लक्षात आलं नाही. “आधी माझी झडती,” हे शब्द नेहमीच्या निम्म्या आवाजात आले. चौकटीतून ते हळूहळू पार झाले. चौकट गप्प राहिली.  त्यांनी हात पसरले. दुसऱ्या गार्डाने हातातलं मशीन खांद्यावरून, काखेतून, छातीवरून खाली आणलं. कमरेच्या खाली ते किंचाळलं.

गार्डाला ते खरं वाटेना. त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तिथेच.

“काय साहेब, वहिनीनं चमचा बांधून देला का?” तो म्हणाला आणि मागे चाळीस-पन्नास माणसं हसली. त्याने गंमत म्हणूनच म्हटलं होतं. ते मात्र हात पसरलेल्या अवस्थेत तसेच उभे. कपाळावरून घाम उतरत होता आणि पुसायला हात खाली घेता येत नव्हता. मी दाराकडे धावले. काय करणार होते, मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. “कागद असन न साहेब? वाचा मंग. माहा तं वाचला होता.”

फिटर होता. रागाने नाही, अगदी सरळ बोलला, म्हणून जास्त लागलं.  यांनी हात खाली घेतले, खिशातून कागद काढला, चष्मा ट्रेमधून उचलून लावला आणि वाचलं, “सदर कर्मचाऱ्याच्या शरीरात शस्त्रक्रियेने धातूचा भाग बसवलेला आहे. कामावर येण्यास हरकत नाही.”

“कुठं बसवला?” मागून कोणीतरी ओरडलं.

मी दवाखान्याच्या पायरीवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाच्या चार घड्या घातल्या.

“नाही सांगत.”

कोणी हसलं नाही. त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, विनंतीही नव्हती.

“नाही सांगत गा. अंग माहं आहे. मशीननं विचारलं, कागदानं सांगतलं, बस झालं. आजपासून कोनाचा कागद मोठ्यानं वाचाचा नाही, कोनाची जागा लिहाची नाही.” मग ते फिटरसमोर गेले. चालताना दुखत होतं ते मला दिसत होतं, बाकीच्यांना बहुतेक दिसलं नसावं. “तुहा कागद म्या चौघात वाचला. वरून मजाक केली. चुकलं माहं.”

तुम्हाला वाटेल फिटरने हात धरला असेल. नाही धरला. तो म्हणाला, “माह्या पोरीले मोहल्ल्यात सळाखची पोरगी म्हनतात साहेब.”

  मग फिटर पुढे झाला, चौकटीतून गेला, मशीन वाजलं, आणि त्याने हात पसरले. यांनी दुसऱ्या गार्डाच्या हातातलं मशीन घेतलं, टेबलावर ठेवलं आणि फिटरला नावाने हाक मारली. त्याच्या खऱ्या नावाने. “जा,” म्हणाले. रांग सरकली.

दुपारी मी त्यांना दवाखान्यात झोपवलं. सूज बरीच होती. मी बोलबोल बोलले, तुम्हाला पू झाला तर केलेलं सगळं काढून टाकावं लागेल, साखरेच्या माणसाने असा आगाऊपणा करायचा असतो का, वगैरे. एजन्सीच्या माणसाला मीच फोन केला आणि बसून करायची ड्युटी लावून घेतली. माझा आवाज ऐकून त्याने वाद घातला नाही. हे आडवे पडून छताकडे पाहत होते. एकाएकी डोळे भरले आणि ते लपवायला त्यांनी टोपी तोंडावर घेतली. मी इंजेक्शनच्या सुया मोजत बसले. दोनदा मोजल्या.

कॅन्टीनने आठवडाभर डोकं चालवलं. कोणी म्हणालं खुब्याची वाटी, कोणी म्हणालं मुतखड्याची नळी. शेवटी ठरलं की तरुणपणी गडचिरोलीच्या ड्युटीवर गोळी लागली होती आणि ती अजून आत आहे. यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. एजन्सीचा नवा माणूस तर त्या गोळीपायी त्यांना सलाम करू लागला. फिटरशी मात्र ते अखेरपर्यंत अवघडलेलेच राहिले. काही गोष्टी माफी मागून मिटत नाहीत, हे दोघांनाही माहीत होतं.

वर्षअखेरीस एजन्सीचं कंत्राट संपलं आणि गेटवरची सगळी माणसं बदलली. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. मी सुट्टीवर होते. परतले तर चौकटीपाशी भलताच माणूस, आणि तो स्वतःची झडती देत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात नंदनवनच्या भाजीबाजारात ते दिसले. सोबत बायको असणार. मेथीच्या जुडीवरून दोघांचं जोरात भांडण चाललं होतं. ती म्हणत होती, पिवळी आहे, ते म्हणत होते, “तुले तं सगळंच पिवळं दिसते वं,” आणि दोघंही मधूनच हसत होती. तिने भांडता भांडता त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. मला इतका आनंद झाला की मी पिशवी हातात धरून हाक मारायला तोंड उघडलं.

त्यांनी मला पाहिलं. ओळखलंही. चेहऱ्यावरचं हसू गेलं, मान खाली गेली, आणि ते बायकोला घेऊन घाईने पलीकडच्या ओळीत शिरले. आधी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग उमगलं, घराबाहेर ते गुपित जाणणारी त्यांच्या माहितीत मी एकटीच होते, आणि आज बायकोसोबत हसताना त्यांना मी बाजारात भेटायला नको होते. मी भाजीवालीकडे तोंड फिरवलं आणि नको असलेली अर्धा किलो वांगी घेतली, ती दोघं चौकातून दिसेनाशी होईपर्यंत एकेक निवडून.