माहेरच्या तलावावर परकी

मालकांनी बुटाच्या टाचेनं आईचा मातीचा खांब पाडला.

दुष्काळी कामावर खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खांब तसाच सोडतात. जमीन आधी कुठवर होती, ते त्यावरून कळतं. त्याच्या उंचीवरून खोली मोजायची आणि तेवढीच मजुरी द्यायची. खांब पडला की आठवड्याची मेहनत मातीमोल.

आई खड्ड्यात उभी होती. हातात टोपलं.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. पाझर तलावाचं काम ओढ्याच्या या बाजूला, लातूरच्या हद्दीत. आमचं गाव पलीकडे, नांदेड जिल्ह्यात. तिकडे काम निघालंच नव्हतं. म्हणून मी कॉलेज सोडून आईबरोबर इथे येत होतो. काम सरकारी, पण कुणाला घ्यायचं ते मालक ठरवत. निम्मं शिवार त्यांचं, मुकादम त्यांचा.

"नवा जिल्हा, नवं बजेट," मालक म्हणाले. "लातूरचा पैसा लातूरच्या माणसाला. नांदेडच्यांनी इथं कशाला यावं?"

"मालक, मी हितलीच हाय की. दाजीबाची लेक."

खरं होतं. आई तलावाच्याच गावात जन्मली, वाढली. लग्न करून ओढा ओलांडला, एवढंच.

"लेक दिली की परकी झाली. ठावं न्हाई तुला?"

शेजारच्या खड्ड्यातून कोंडाबाई हसली. आईची लहानपणीची मैत्रीण. "जा गं बाई! तुमच्याकडं गोदावरी हाय म्हणं. पी पोटभर!"

सगळे हसले. आईनं मान खाली घातली.

मग मालकांचा आवाज मऊ झाला. "माझ्या घरची गडीण म्हणून सांग. खांब न्हाई तरी लावतो माप. हप्त्याचे दोन दिस घरी सारवायला, दळायला यायचं. फुकट."

घरात ज्वारी संपली होती. आई 'हाव' म्हणणार, हे मला तिच्या मानेवरून कळलं.

"न्हाई," मी म्हणालो. "ती कुणाची गडीण न्हाई. नांदेड जिल्ह्यातली हाय. खड्डा तिनं खणलाय. माप लावा, न्हाईतर लावू नका."

माप लागलं नाही. आम्ही रिकाम्या हातानं ओढा ओलांडला. वाटेत आई एवढंच म्हणाली, "पोरा, आज काय शिजवू?"

मला आकड्यांची सवय आहे. हिशेब जुळला नाही तर झोप लागत नाही. म्हणून नंतर त्या कामाची मी चौकशी केली. आमच्यासारखे सगळे पलीकडचे हाकलले गेले. गावकऱ्यांचा दर पैशानंही वाढला नाही. फुकट राबायला मात्र मालकांना माणसं लागतच होती. कोंडाबाई आठवड्यातले दोन दिवस त्यांच्या घरी दळायला जाऊ लागली.

आता मी लातूरला राहतो. आमच्या कॉलनीमागे इमारती उठताहेत. स्लॅब टाकायला बिहारची माणसं आली आहेत. पत्र्याच्या खोल्यांत राहतात. परवाच्या बैठकीत शेजारी म्हणाले, "काका, ही लोकं आपल्या पोरांचं काम खाऊन राहिली. रविवारी जाऊन हाकलू. तुम्ही मोठे, तुम्ही पुढं व्हा."

पोरांना काम नाही, हे खरं आहे. माझा मुलगाही घरीच बसून आहे. मी म्हणालो, "सरकारनं बजेटात रोजगाराला किती पैसे ठेवले, त्यातले किती खर्च झाले, ते विचारायला कलेक्टर कचेरीवर चला. मी पुढं होतो. ठेकेदार स्थानिकाला पूर्ण मजुरी का देत नाही, तेही विचारू."

"ते नंतर बघू, काका. आधी ही घाण काढू."

घाण. हाच शब्द.

रविवारी ते सकाळी निघणार आहेत. मी त्याआधीच त्या पत्र्याच्या खोल्यांच्या दारात जाऊन बसणार आहे. मुलाला सांगितलंय. माझ्याबरोबर आला तर माझ्या शेजारी बसेल, कॉलनीवाल्यांबरोबर आला तर माझ्यासमोर उभा राहील. मी उठणार नाही.