वाजंत्र्यांनी अडवलेलं कडवं

थोरल्या जाऊबाई गेल्याचे कळताच पेठेतल्या बायका भेटायला आल्या. डोळ्यांना पदर लावलेले, आणि तेवढ्यात एकीला त्यांची कुठली तरी ओळ आठवली... हसू दाबता दाबता बाई पार ठसकली. महिना होत आला, तरी माझा राग गेलेला नाही.

जाऊबाईंचा जन्म गेल्या शतकातला, मुली शाळेत जात नसत तेव्हाचा. थोरल्या भावजींनी त्यांना अक्षरे शिकवली आणि त्या कविता करू लागल्या. बारसे असो, डोहाळजेवण असो, नाहीतर कुणाची म्हैस व्यायलेली असो. कविता वाईट होत्या, अगदी वाईट. त्यांना मात्र मनापासून चांगल्या वाटत. सोलापुरात त्यांना लग्नाला बोलवीत ते मंगलाष्टकांना हसायला मिळावे म्हणून. "बायकांच्या डोळ्यांना पाणी येतं गं, इतकं मनाला भिडतं," असे त्या मला कौतुकाने सांगत. मी काय बोलणार, कप्पाळ.

शेजारच्या गोदीच्या लग्नात त्या उभ्या राहिल्या:

आला नवरदेव बळीराम, अंगावरती वाहे घाम,
कुर्डुवाडीला रेल्वेत त्याला आहे पक्के काम.
संसाराचा चौघडा दोघे वाजवा रे वाजवा...

मुहूर्ताला अजून अवकाश होता. पण "वाजवा रे वाजवा" ही तर मुहूर्त लागल्याची आरोळी. दारातल्या वाजंत्र्यांनी ती ऐकली आणि सुरू केले. अंतरपाट सुटला, माळा पडल्या, भटजी हातातले घड्याळ दाखवत नुसते ओरडत राहिले. पुढचे कडवे जाऊबाईंच्या ओठांतच राहिले आणि मांडव हसून लोळला.

वर्षभरात बळीराम तापाने गेला. तेव्हा हसणारीच तोंडे म्हणू लागली, हिच्या कवितेने मुहूर्त खाल्ला. जाऊबाईंनी ते खरे मानले. सारे कागद बंबात घातले, पुन्हा एक ओळ लिहिली नाही. गोदी माहेरी परत आली होती. ती दारात दिसली की ह्या आत जाऊन कडी लावीत. "मी त्या पोरीचं वाटोळं केलं..." शेवटच्या दुखण्यातही हेच. मी पुष्कळ समजावले, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या तशाच, तो डाग उरी घेऊन गेल्या, ह्याचे मला फार वाईट वाटते.

तेराव्यानंतर गोदी आली आणि उंबऱ्याशी बसली.

"काकू, मी जात्यावर थोरल्या काकूंचंच गाणं म्हणते. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव कुटं घ्यावं? आता मला उखाण्यालाबी कुणी इचारत न्हाय. त्या गाण्यात तेवढं मालकांचं नाव हाय. गाणं म्हणून म्हटलं, तर कुणी काय बोलत न्हाय."

"अगं, मग त्यांना हे सांगायचं की."

"लई डाव आले. त्या कडीच काढत नव्हत्या." मग हळूच म्हणाली, "वाजंत्री वाजली अन् पुढचं कडवं ऱ्हायलं. त्यातबी मालकांचं नाव हुतं का वो?"

मला ठाऊक नव्हते. तरी मी "होतं" म्हणाले. आता ती रोज विचारते, आठवलं का. म्हणून दुपारी मी जाऊबाईंच्या खोलीत बसून ओळी जुळवते. काल दोन चांगल्या जमल्या... पण त्या जाऊबाईंच्या नाहीत, हे गोदी लगेच ओळखेल.