शेकानंतरचा आंबाडा

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा जाम झाला. अंबडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिंग करायचे. लग्न केलं नव्हतं, आईही गेली होती. हात कानाच्या वर जाईना, म्हणजे केस बांधायचीच पंचाईत. डाव्या हाताने कसंबसं रबर अडकवून वर चार आकडे खोचायचे. पन्नाशीच्या बाईने असं झिंज्या घेऊन फिरायचं? जीव जळायचा नुसता.

कॉलेज रोडच्या दवाखान्यात विजेच्या मशीनचा शेक सुरू झाला. अंगावर धातू चालत नसे, म्हणून तिथल्या मावशी आधी माझ्या बांगड्या आणि केसांतले आकडे काढून घ्यायच्या. मग खांद्याच्या पुढे-मागे दोन गाद्या आणि आत खोलवर ऊब. शेक संपला की मावशी फणी घेऊन मागे उभ्या. हरसूलकडच्या होत्या. "केस हायेत का सुतळी? तेल घाला की वो जरा!" असं म्हणत खसाखसा विंचरून घट्ट आंबाडा घालायच्या.

खोटं कशाला बोलू? मी शेकाला नाही, त्या पाच मिनिटांसाठी जायचे. कित्येक वर्षांत माझ्या डोक्याला कुणाचा हात लागला नव्हता.

पंधरवड्याने हात वर जायला लागला. झालं, आता शेक बंद होणार! हात किती वर जातो ते बघायला भिंतीवरच्या लाकडी शिडीवर बोटं चढवत न्यायची असत. मी मधल्याच पायरीवर "आई गं!" म्हणून थांबायचे. डॉक्टर बुचकळ्यात पडले, शेक आठ दिवस वाढवला.

एकदा आकडे काढता काढता मावशींनी विचारलं, "बाई, घरी कोन असतं तुमच्या?"

"कोणी नाही. सांगितलं ना."

"मंग येताना हा आंबाडा कोन घालतं?"

अरे देवा! चार दिवस मीच सवयीने आंबाडा घालून येत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी हसल्या नाहीत, डॉक्टरांना बोलल्याही नाहीत. शेक झाल्यावर नेहमीसारखे केस विंचरून दिले.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने शिडीची शेवटची पायरी गाठली. शेक संपला. निघताना मावशी म्हणाल्या, "केस विंचरायला येत जा. त्याला काय दुखायलाच पायजे असं नाय."

मी गेले नाही. कसला ताठा नडला, देव जाणे. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, आणि आंबाडा अजून माझा मीच घालते.