मांडलेली गोधडी

गोधडी उन्हाळ्यात शिवायची असते. चैत्र-वैशाखात कपडा कडकडीत वाळलेला असतो, दोरा सरसर पळतो आणि बायकांना जरा उसंत असते. श्रावणात कुणी गोधडी मांडत नाही. म्हणून पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत मी आईला न्यायला गेले आणि माजघरभर जुनी लुगडी पसरलेली पाहिली, तेव्हा मला जरा खटकलंच. पण एकट्या बाईचा पावसात वेळ जात नसेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

मी महाडला असते. बाबा गेल्यापासून आई वर एकटीच, दोन म्हशींच्या सोबतीनं. पावसाआधीच तलाठी सांगून गेला होता, मागचा डोंगर भेगाळलाय, पावसाळाभर खाली राहा. अर्धी वाडी उतरलीसुद्धा. मुंबईहून भाऊ रोज फोन करायचा, "ताई, रिस्क नको, तिला शिफ्ट कर." तिकडे बसून सांगायला याचं काय जातं! आईला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"चल आये, कपडे भर," मी आल्या आल्या म्हटलं.

"गोधडी झाली की येते. मांडलेली उचलायची नाय, ठावं हाय ना तुला?"

ठाऊक होतं. आमच्याकडे गोधडी एकदा जमिनीवर मांडली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, की शेवटचा टाका पडेपर्यंत ती हलवत नाहीत. अर्धी उचलली तर घरातलं माणूस जातं म्हणतात. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण आईसमोर तसं म्हणायची छातीही नाही. दोघींनी शिवली तर लवकर संपेल, म्हणून मीही सुई घेतली.

आणि मग काय, रमलेच की मी! गोधडी कडेपासून शिवत आत जायचं असतं, चौकोनाच्या आत चौकोन, आणि ती मधोमध संपते. प्रत्येक टाक्याला सुईचं टोक खालच्या जमिनीला टेकतं, बारीकसा टक आवाज होतो, मग बोट ते टोक वर घेतं. कुठे बाबांच्या सदऱ्याचं ठिगळ, कुठे माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टाचं. टक, टक, टक. डोक्यातली सगळी कटकट टाक्यागणिक उतरत गेली. शहरात गोळ्या घेऊनही मला असं निवांत वाटत नाही. ज्या घरातून आईला ओढून न्यायला आले होते, त्याच घरात मी पाय पसरून बसले.

नजरेला काही पडत नव्हतं असं नाही. मागच्या दाराला कडी बसत नव्हती. आई म्हणाली, पावसानं लाकूड फुगलंय. पन्हाळीजवळच्या झऱ्याला लालभडक पाणी येत होतं. आई म्हणाली, वर कुणीतरी बांध फोडला असंल. म्हशी गोठ्यात शिरेनात, भर पावसात अंगणात उभ्या राहायच्या. त्याचं मात्र आईनं काही कारण सांगितलं नाही. "जनावरांचं काय मनावर घेतेस गो," एवढंच म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

मी शिवत शिवत आत सरकू लागले की ती मला थांबवायची. "मधलं मी शिवते. तू कडंला बस." मला वाटलं, माझे टाके तिला पसंत नाहीत. ती या बाबतीत पहिल्यापासून खाष्टच.

एका दुपारी ती म्हशींना हाकायला बाहेर गेली. थोडंच राहिलं होतं. आपणच संपवून टाकावं आणि संध्याकाळच्या एस.टी.नं निघावं, असं म्हणून मी मधोमध जाऊन बसले. पहिला टाका घातला. टक वाजलं नाही. सुई खाली टेकलीच नाही. दुसरा घातला, तोही तसाच पोकळ. मी तळवा दाबला, तर गोधडीसकट हात खाली गेला.

मी कोपऱ्यावरचा दगड बाजूला केला आणि गोधडी उचलली.

हाताचा पंजा सहज आत जाईल एवढी भेग होती, मागच्या दाराकडे आणि चुलीकडे बारीक होत गोधडीच्या आतच संपलेली. तिच्यात पेंढा आणि चिंध्या कोंबल्या होत्या, वरून शेणानं सारवलं होतं, आणि ते सारवणही पुन्हा फाटलं होतं. आतून गार वारा येत होता. खूप खोल कुठेतरी पाणी वाहत होतं.

आई दारात निथळत उभी होती. "उचललीस?" ती म्हणाली.

"आये, हे काय आहे?"

"आधी बोटाएवढी व्हती. रोज सारवत गेले, रोज फाटत गेली. मंग गोधडी मांडली. तुला दिसली असती तर ऱ्हाऊ दिलं असतंस मला?"

मला राग अनावर झाला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मी रडत रडत तिच्यावर ओरडले. त्याच संध्याकाळी आम्ही उतरलो. म्हशी खाली कापडे गावात मामाकडे बांधल्या. गोधडी आईनं सुईसकट गुंडाळून काखेत घेतली.

डोंगर मात्र अजून खाली आला नाही. घर उभं आहे. वाडीतलं कुणी बाजाराला आलं की आई मुद्दाम विचारते आणि मग माझ्याकडे बघते. "उगाच आणलंस. उभं हाय की माझं घर."

परवापासून तिनं गोधडी माझ्या हॉलमध्ये मांडली आहे. "उचललेली हाय, पुरी केलीच पायजे. झाली की जाते वर." फरशीवर सुई मोठ्यानं वाजते. मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू येते, आणि ज्या आवाजानं तेव्हा जीव शांत झाला होता, तोच ऐकत आता मी उरलेले टाके मोजते. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नाही. रोज एक चौकोन आत.

काल मी कपाटातून माझी जुनी साडी काढली. "आये, पातळ झालीय गो ही. अजून एक थर घालू या, परत कडेपासून."

तिनं साडीचा पदर दोन बोटांत चोळून पाहिला, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टेनं हसली.

"मला शिकवतेस व्हय?" म्हणाली. साडीची नीट घडी करून तिनं माझ्या हातात दिली, दोरा ओवला आणि मधोमध जाऊन बसली.