लॉकर नंबर चौदा

“मॅडम, बसवंतअप्पा खाली बसलेत. सिग्नल देत नाहीयेत.”

वॉकीटॉकीवर क्रेन ऑपरेटर. “माल जागेवर थांबव,” मी म्हणाले आणि होइस्टमध्ये, म्हणजे माणसं वर नेणाऱ्या पिंजऱ्यात, शिरले.

आमचा टॉवर समुद्रालगत चढत होता. खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर घरं. पूर्ण झाला की देशात सर्वांत उंच. मी सेफ्टी ऑफिसर, अप्पा सिग्नलमन. क्रेनवाल्याला खालचा माल दिसत नाही. सिग्नलमन सांगेल तसा तो हुक हलवतो. सिग्नलमनला भोवळ आली, तर हुकाचं लोखंड कुणाच्याही डोक्यावर.

अप्पा लातूरमधल्या शिरूर अनंतपाळकडचे, मी नांदेडमधल्या हिमायतनगरची. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी पहिलीत होते, अप्पा तेव्हाच कर्ते गडी होते. या उन्हाळ्यात त्यांच्या गावाला टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून या वयात ते समुद्राकाठी आले होते.

त्याच सकाळी मी नवा नियम वाचून दाखवला होता. गळ्यात काही नको. दोरा कुठं अडकला तर मान जाते. अप्पांच्या गळ्यात दोऱ्याला चांदीची डबी. आत इष्टलिंग, लिंगायतांचं अंगावर बाळगायचं शिवलिंग.

“मॅडम, ते काढत न्हाईत.”

“नाहीतर वर जाता येणार नाही, अप्पा. लॉकर नंबर चौदा. चावी तुमच्याजवळच ठेवा.”

त्यांनी डबी लॉकरमध्ये ठेवली, चावी खिशात टाकली. मी यादीत टिक करून सही केली.

आता एकाहत्तराव्या मजल्यावर ते खांबाला टेकून बसले होते. ओठ सुकलेले. शेजारी पाण्याचा भरलेला कॅन.

“पाणी का नाही प्यायलात?”

“लिंग अंगावर नसलं की आमच्यात अन्न-पाणी घेत न्हाईत.”

“सकाळपासून?”

“हाव.”

“मग सांगायचं ना!”

“तुमी कुठं इचारलं? कागद वाचला अन् गेलात.”

टँकरच्या गावचा माणूस भरल्या कॅनशेजारी तहानलेला बसला होता. माझ्या सहीनं.

खाली आणून मी लॉकर उघडून दिला. त्यांनी हात धुतले, डोळे मिटून डबी गळ्यात घातली, मग तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. तेवढ्यात प्रोजेक्ट मॅनेजर आले.

“काम अडलंय. दुसरा सिग्नलमन घ्या, यांना गावी पाठवा.”

“सर, अर्धा तास द्या.”

अप्पांना विचारलं, “गळ्यातच लागतं का?”

“न्हाई. बेंबीच्या वर कुठंबी चालतं. माझे वडील औत हाकताना दंडाला बांधायचे.”

इतकं सोपं होतं. फर्स्ट-एड बॉक्समधलं क्रेप बँडेज काढलं. त्यांनी डबी दंडाला धरली, मी वरून पट्टी गुंडाळली आणि पूर्ण बाही खाली ओढली.

“घट्ट झालं का?”

“न्हाई. माय बांधायची वडलांना, तसंच झालंय.”

मॅनेजरनी गळा तपासला. “ठीक. पाठवा वर.”

“आज नाही. भोवळ आलेल्या माणसाला आज सुट्टी.”

शेवटचा मजला चढला, तेव्हाही सिग्नल अप्पांचाच होता.

माझ्या यादीत तेव्हापासून शेवटची ओळ एकच असते: यात तुमची काही अडचण? बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. मी दोनदा विचारते. लॉकर नंबर चौदात आता क्रेप बँडेज असतात.